चौथा पूल

दि. ४ फेब्रुवारी

चि. चिमणीस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल काल दुपारी पोचलं. आलेल्या वस्तू अशा: आईचा तपकिरी स्वेटर, मी विणलेला, एक. बिस्किटांचा डबा, झाकण चेपलेलं, एक. फोटो, एक. तू लावलेली तिकिटं साडेअकराची. ती कमी पडली म्हणून पोस्टमनने माझ्याकडून आणखी साडेचार घेतले. ते तुझ्या नावावर टाकलेले नाहीत, नुसतं माहितीसाठी लिहिलं.

स्वेटर परत का पाठवलास ते नीट कळलं नाही. 'आईला इथे नवा कोट घेतला' एवढी एक ओळ खरडून तू मोकळी झालीस. कोट घेतलास, चांगलं केलंस. माझ्या स्वेटरला एकही टाका सुटलेला नाही, तो मी डांबराच्या गोळ्या घालून ठेवून दिला आहे.

फोटो बघितला. आई लाँचमध्ये पुढच्या बाकावर बसलेली, केस उडालेले, आणि मागे तो दोन मनोऱ्यांचा मोठा पूल. बाबा वारल्यावर गेली अकरा वर्षं आई माझ्याकडे आहे. हसलेली मी पाहिली नाही असं नाही, पण दाढा दिसतील इतकी नाही. ह्यांनी फोटो शेजारणीला दाखवला. ती म्हणाली, "अगोबाई, आजी दहा वर्षांनी लहान दिसतायत." मी म्हटलं, वाऱ्याने चेहरा ताणला जातो.

एक विचारायचं होतं. 'पूल बघायचा तर पाण्यातूनच' असं तू फोटोच्या पाठीवर लिहिलंस. हे वाक्य बाबांचं, आणि ते त्यांनी मला सांगितलेलं. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचे, मला मांडीवर घ्यायचे आणि म्हणायचे, "वरून जाणाऱ्याला नुसता रस्ता दिसतो. पूल दिसतो खालून, होडीतून. रंगाऱ्याचं सगळं काम खालीच." आणि मोठी झालीस की तुला होडीतून नेईन, असंही मलाच म्हणाले होते. ते राहून गेलं. आता तू आईला नेलंस. माझ्या पोटात दुखतंय असं हवं तर समज.

आई पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली, सहा आठवडे झाले. तिची खोली मी रोज झाडते. तिला कधी पाठवतेस ते लिही.

तुझी ताई


दि. १२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

पत्र मिळालं. साडेचार पाठवू का? डब्याचं झाकण इथून निघताना धड होतं.

ते वाक्य आईकडून कळलं. लाँच धक्क्यावरून सुटल्यापासून ती तेच घोकत होती. तुला ठाऊक आहे, आमचे हे धक्क्यावर तिकीटखिडकीत बसतात, त्यामुळे पुढचा बाक मिळाला. पहिला पूल दगडी कमानींचा, तिथे पारवेच पारवे. दुसरा बाजाराजवळचा बुटका, लाँच चालवणारा सारंग म्हणाला, डोकी खाली घ्या, आणि चार उंच माणसं खरंच वाकली. मग वळण घेतल्यावर तिसरा. ताई, आपल्या दारावर तसबीर होती ना, तोच. पण तसबिरीत त्याचं पोट दिसत नाही. खाली गेल्यावर उन्हातून एकदम गारव्यात शिरल्यासारखं होतं, आणि वर सगळ्या लोखंडी तुळया एकीत एक गुंतलेल्या, विणकामासारख्या. आईने उभं राहून हात जोडले आणि साऱ्या लाँचला ऐकू जाईल असं म्हणाली, "हा माझ्या यजमानांनी रंगवलाय." सारंगाने एक मिनिट इंजिन बंद केलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. तिथूनच लाँच माघारी वळते. पुढे रेल्वेचा एक आहे, पण तो बघायला कोणी जात नाही.

सगळा वेळ आई मला म्हणत होती, काय दिसतंय ते सांग, अजून सांग. घसा बसेपर्यंत बोलले.

आईला अजून थोडं राहू दे. दवाखान्याचं एक किरकोळ काम आहे.

आणि मांडीचं म्हणशील, तर मला आठवतात ते बाबा खाटेवरचे, भिंतीकडे तोंड करून खोकणारे. बोलणारे बाबा तुझ्या वाट्याला आले. एक पूल तरी माझा असू दे.

तुझी चिमणी


दि. १९ फेब्रुवारी

ती. आईस शि. सा. न.

तू मजेत आहेस हे वाचून आनंद झाला. इथे सर्व ठीक. देवापुढे दिवा मी लावते, पण तुझ्यासारखी वात मला वळता येत नाही, ती तडतडते. देवळातले पुजारी दोनदा विचारून गेले, आई कधी येणार. मी म्हटलं, लेकीने डोक्यावर बसवलंय, उतरल्या की येतील. तुझी पोथी कापडात बांधून ठेवली आहे. तू रोज एक अध्याय वाचायचीस, ती वेळ आली की घर सुनं वाटतं. नवा कोट घालून उन्हात बसू नकोस. लवकर ये.

तुझी मोठी

(मागे पाहा.)

चिमणे, ही मागची बाजू आईला दाखवू नकोस. कागद अर्धा कोरा राहत होता म्हणून इथेच लिहिते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ज्या पुलाखाली तू आईला उभं केलंस, जिथे तिने हात जोडले आणि लोकांनी टाळ्या पिटल्या, तो बाबांचा पूल नव्हेच. त्याला बाबांनी आयुष्यात ब्रश लावलेला नाही. बाबांचा पूल चौथा, रेल्वेचा. जो बघायला कोणी जात नाही असं तू लिहिलंस, तोच. हे बाबांनी जगात एकट्या मला सांगितलं आणि आईला कळू देऊ नकोस म्हणून शपथ घातली. तेहतीस वर्षं मी ती पाळली. दारावरची तसबीर पुसताना रोज पाळली. तुला सांगायची वेळ आली ती तुझ्या त्या शेवटच्या ओळीमुळे.

एक पूल हवाय ना? तिसरा घे खुशाल. चौथा माझा आहे.

ताई


दि. २ मार्च

ताई,

तू काय करून बसलीस ते सांगते.

तुझं पत्र आलं तेव्हा आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती आणि हे चहा पीत होते. आपल्या घरी पत्र कसं वाचतात तुला माहीत आहे, उभ्याने, मोठ्याने, वरपासून खालपर्यंत. पहिली बाजू वाचली. आई खूश झाली, वातीचं ऐकून म्हणाली, तिला घाई फार. मी कागद उलटला आणि त्याच सुरात पुढे वाचलं, 'चिमणे, ही मागची बाजू आईला दाखवू नकोस.' वाचल्यावर जीभ चावली.

आई म्हणाली, "थांबलीस का?"

मी म्हटलं, "हे माझं आहे."

"दाखवू नकोस असंच लिहिलंय ना? मला कुठे दिसतंय. वाच."

ह्यांनी कप खाली ठेवला. मी वाचलं. तुझ्यासारखं मला राखून ठेवता येत नाही.

आता जे मीही तुझ्यापासून राखलं होतं ते. आईला काचबिंदू आहे. डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला. उजव्याने दिसतं ते नळीतून बघावं तसं, मधलं तेवढं. तुझ्या घरी प्रत्येक वस्तू जागच्या जागी, म्हणून ती भिंत चाचपत, पावलं मोजत वावरायची. पोथी तोंडपाठ आहे, ती नुसती पानं उलटते. इथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी दारावर आपटली, तेव्हा मला कळलं. तुला सांगू नको म्हणाली, कारण तू तिला देवापुढचा दिवा लावू देणार नाहीस. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं. दिवसातून चार वेळा थेंब आणि दर महिन्याला तपासणी. किरकोळ काम म्हटलं होतं ते हे. म्हणून तिला ठेवून घेतलंय. हौस म्हणून नाही. थोडी हौस आहे, ते नाकारत नाही.

पत्र वाचल्याला आज तीन दिवस झाले. आई जेवते, थेंब घालून घेते, पण बोलत नाही. एकदाच म्हणाली, "मोठीला सांगितलं त्यांनी."

मलाही झोंबलं, ताई. पण तिचं बघवत नाही.

चिमणी


दि. ८ मार्च

चि. चिमणीस,

तुझं पत्र वाचून मी आधी हिशेबाची वही उघडली. गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे काडेपेट्या दुप्पट लागल्या आहेत. मी आईला त्यावरून बोलले होते. एका वातीला चार काड्या ओढतेस, म्हटलं, ही काय उधळपट्टी. ती म्हणाली, काड्या सर्द आहेत. मी दुकान बदललं.

माझ्या नजरेखाली होती ती. देवळात जाताना माझा दंड धरायची, मी समजायची माया. तू तिला दुसऱ्या दिवशी ओळखलंस. मला दोन वर्षं कळलं नाही, हे आता तू सगळ्यांना सांगशील. सांग.

तरी म्हणते, तिला इकडे पाठव. इथल्या भिंती तिला ठाऊक आहेत. थेंब मलाही घालता येतात. महिन्याच्या महिन्याला मी स्वतः तिला घेऊन येईन, आठ तासांचा प्रवास असला तरी. तू म्हणतेस ती बोलत नाही. माझ्याकडे आली की बोलेल.

ताई


दि. १५ मार्च

चि. मोठीस आशीर्वाद.

मी बोलते आहे, ही लिहिते आहे. मध्ये स्वतःचं घालू नकोस म्हणून तिला बजावलंय. (घालत नाहीये. चिमणी.)

डोळ्यांचं तुझ्यापासून लपवलं, त्याबद्दल तू माझ्यावर रागाव. दिवा लावायचा सोडून मला दुसरं काय काम होतं तुझ्या घरी? तेवढं एक राखायचं होतं. काड्या चांगल्या होत्या, दुकानदाराची काही चूक नाही.

पुलाचं वेगळं आहे. खोटा पूल दाखवला म्हणून मला वाईट वाटलं नाही. लोखंड ते लोखंड. तसबीर दारावर लावली, येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुक सांगितलं, आता आठवलं की कान गरम होतात, पण ऐकणारी माणसं निम्मी गेली. ते जाऊ दे. बेचाळीस वर्षं मी त्यांच्याबरोबर संसार केला. शेवटची बरीच वर्षं उठवायला, बसवायला, पाठ चोळायला मी होते. बोलले असते तर मी कुठे जाणार होते? पण सांगितलं ते तुला. तू सतरा वर्षांची पोर. तेव्हापासून तुम्ही दोघं एकीकडे आणि मी तसबीर पुसणारी. या वयात, पोटच्या पोरीचा हेवा वाटतोय मला. देवाचं नाव घ्यायला बसले तरी तेच मनात येतं. (आई रडत नाहीये, नाक ओढते आहे, असं लिही म्हणते. चिमणी.)

जावयांच्या ओळखीचा एक वाळूवाला आहे. त्याची होडी चौथ्या पुलाखालून जाते. पाच एप्रिलला नेतो म्हणाला. लाँचसारखी बाकं नाहीत, पोत्यावर बसावं लागेल. मला नळीएवढं दिसतं, तेव्हा इकडेतिकडे बघत बसायला फुरसत नाही. त्यांनी कुठे काम केलं, कुठल्या खांबापाशी, कुठल्या तुळईवर, ते तुला सांगितलं असणारच. सगळं लिहून पाठव. हातचं राखू नकोस. ते कळेपर्यंत मी तुझ्या घरी यायची नाही, कुठल्या भिंती मला ठाऊक आहेत ते तू मला सांगू नकोस.

तुझी आई


दि. २२ मार्च

ती. आईस शि. सा. न.

हे पत्र चिमणीने मोठ्याने वाचावं. जावईबापू असतील तर त्यांच्यासमोरही चालेल. एका बाजूलाच लिहिते आहे.

तुझं पत्र आल्यापासून मी जपाला बसले की आकडा चुकतो. शंभरापर्यंत जाते आणि पुन्हा एकपासून. आज लिहूनच टाकते.

बाबांनी मला सांगितलं नव्हतं. मी त्यांना पकडलं होतं.

माझं मॅट्रिकचं वर्ष. ते कायमचे घरी आले, छाती बिघडली म्हणून. कचेरीत अर्ज करायचा होता आणि घरात अक्षर माझं चांगलं, म्हणून त्यांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. कागद लावताना नोकरीचा दाखला सापडला. त्यावर लिहिलेलं, 'रंगारी, रेल्वे पूल, खालची बाजू, एकोणीस वर्षे.' तू बाजारात गेली होतीस, चिमणी अंगणात खेळत होती. मी कागद घेऊन त्यांच्या खाटेपाशी गेले आणि विचारलं, "हा कुठला पूल?" आवाज कसा होता ते मला आठवतं. शाळेत मी त्या तसबिरीवर निबंध लिहिला होता, वर्गात वाचूनही दाखवला होता. माझं नाक कापलं गेलं असं मला वाटत होतं.

ते म्हणाले, "दे इकडे." मी दिला नाही. मग म्हणाले, पहिल्या वर्षी खुशालीचं कार्ड पाठवायचं होतं, धक्क्यावरच्या दुकानात मोठ्या पुलाचंच चित्र मिळायचं, रेल्वेच्या पुलाचं कोण छापतो. नुसतं पुलावर काम लागलं एवढंच लिहिलं होतं. पुढच्या सुट्टीत घरी आले तर ते चित्र तू तसबीर करून दारावर लावलेलं, आणि शेजारच्या चार बायका त्यांना बघायला आलेल्या. म्हणाले, "तिची मान त्या दिवशी इतकी वर होती. मी ती कशी खाली करू? माझा पूल काळाकुट्ट. रंग लावून पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत अलीकडचं इंजिनांच्या धुराने परत काळं झालेलं असतं. तिला असला पूल द्यायचा?"

आणि मग त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. आईला बोलू नकोस म्हणाले.

शपथबिपथ काही घातली नाही. ते मी चिमणीला वाढवून लिहिलं. त्यांनी हात जोडले, एवढंच. मी सतरा वर्षांची होते, घरात माझ्यापुढे कोणी कधी हात जोडले नव्हते. ते मला आवडलं, आई. देवाने क्षमा करावी, पण आवडलं. कागद त्यांना परत दिला तेव्हा मी त्यांच्याहून मोठी झाल्यासारखी चालत बाहेर आले.

तू लिहितेस, तेव्हापासून तुम्ही दोघं एकीकडे. तसं झालं नाही. त्या दिवसापासून ते माझ्याशी मोजकं बोलायला लागले. मी खोलीत गेले की भिंतीकडे वळायचे. चिमणीला जे बाबा आठवतात ते त्या दुपारनंतरचे आहेत. तिला वाटतं खोकल्यामुळे. मी एवढी वर्षं मनाशी म्हणत आले की त्यांनी मला विश्वासात घेतलं. हे लिहिताना पहिल्यांदा स्पष्ट दिसतंय की ते मला घाबरत होते. जे लपवलं ते तुझ्यासाठी लपवलं, माझ्यासाठी त्यात काही नव्हतं. तुला कोणाचा हेवा करायचं कारण नाही, माझा तर नाहीच.

कुठल्या खांबापाशी, कुठल्या तुळईवर, ते मला ठाऊक नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला फक्त तो चौथा आहे एवढंच ठाऊक. खालची बाजू म्हणजे सगळीच, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकोणीस वर्षं. तेव्हा तुझ्या नळीत जे येईल त्यावर त्यांचा हात फिरलेला असणार. बाकीचं चिमणीला सांगू दे. तिला बोलता येतं, मला नुसतं लिहून ठेवता येतं. विणकामासारख्या तुळया असं तिने लिहिलं होतं, ते मला आवडलं होतं. तेव्हा कबूल करवलं नाही.

डॉक्टर तिकडे, तपासणी तिकडे, हे मला कळतं. तू तिथेच राहा असं म्हणण्याएवढं माझं मन मोठं नाही, आणि इकडे ये म्हणायला आता तोंड उरलेलं नाही. ते तू ठरव. मी मात्र गाडीचं तिकीट काढलंय, चार तारखेच्या सकाळचं, जाण्याचं तेवढंच. वाळूच्या होडीत पोत्यावर तिसऱ्या बाईला जागा आहे का ते जावईबापूंनी विचारावं. आणि मी शेजारी बसलेली तुला चालेल का, हे तू स्वतः सांग, चिमणीला मध्ये काही घालू देऊ नकोस. चालत नसेल तर तसंच लिहा. तिकीट दोन तारखेपर्यंत परत घेतात, म्हणून उत्तर उलट टपाली यावं.

तुझी मोठी